तुळसाक्काची चालती सभा

"सोड! सोड म्हन्ते त्याचा कान, खंड्या! न्हाईतर तुजा धरीन आन् नदीपतुर वडत नीन!"

हा आवाज भैरवनाथाच्या देवळाच्या पायरीवरून निघाला, समोरच्या डोंगराला थडकला आणि परत येताना माझ्या पाठीत बसला. मी फळ्याकडं तोंड करून दिडकीचा पाढा लिहीत होतो. हातातला खडू मोडला. देवळाच्या शिखरावर एक घार तीन दिवसांपासून बसली होती, ती उडाली ती पुन्हा त्या खोऱ्यात कुणाला दिसली नाही. वर्गात पोरं होती नऊ. त्यांतल्या दगडूचा कान त्याच्या बापाच्या, खंडूच्या मुठीत होता. खंडू पोराला म्हशींमागं न्यायला आला होता आणि पायरीवर तुळसाक्का उभी होती.

"आक्का, तू मदी पडू नगंस," खंडू म्हणाला. "म्हशी खुट्याला वरडत्यात. त्या काय मास्तर राखनार?"

"म्या राखते."

"आज राखशील. उंद्या?"

"आजचं आज बगू. कान सोड."

खंडूनं कान सोडला. तुळसाक्का आत आली, माझ्यापुढच्या रॉकेलच्या खोक्यावर ठेवलेली वेताची छडी तिनं उचलली, हवेत दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाली, "मास्तर, ही माज्याकडं ऱ्हाऊ द्या. पोरांपरास रेड्यांना जास्त लागती." आणि गेली. आमच्या शाळेच्या पालकसभेची स्थापना ती ही. पुढं मी कागदोपत्री 'ग्रामस्थ व शिक्षक यांच्या विचारविनिमयातून' असं काहीबाही लिहिलं, पण खरा विचारविनिमय एवढाच झाला, आणि त्यात माझी छडी गेली.

भोर संस्थान होतं तेव्हाची ही गोष्ट. एकोणीसशे पस्तीस-छत्तीसचा सुमार असेल. मी भोर गावातला, धोतराला इस्त्री करणारा पोरगा. मला मास्तर म्हणून पाठवलं ते हिर्डोशीच्याही पुढं, वरंध घाटाच्या अंगाला, जांभळीच्या वाडीत. मोटार भोरला थांबायची. तिथून पुढं तुमचे पाय आणि तुमचं नशीब. वाडीत बावीस घरं, सगळी शेतकऱ्यांची. भात, नाचणी आणि म्हशी. शाळा देवळात. पटावर एकतीस पोरं आणि समोर नऊ, कधी सात. एकदा तर मी, गुरव आणि एक शेळी एवढीच हजेरी होती, आणि शेळी त्यातल्या त्यात लक्ष देऊन ऐकत होती.

छडी गेली त्याच दिवशी वरून लखोटा आला. हजेरी अशीच राहिली तर पुढच्या सालापासून शाळा बंद, पोरांनी नदीपलीकडच्या शाळेत जावं. आता ती नदी उन्हाळ्यात बघाल तर म्हशीचा गुडघाही भिजायचा नाही. पण आषाढात तिच्यातून झाडं वाहत यायची, मुळांसकट, आणि झाडांवर बसलेली माकडं 'आता कुठं?' असं एकमेकांना विचारत जायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माकडांचं बोलणं तेवढं अंदाजानं सांगतो. त्या नदीतून कोण बाप पोराला शाळेला धाडणार? शाळा बंद म्हणजे एकतीस पोरांचं शिकणं बंद. लखोटा मी संध्याकाळी देवळात वाचून दाखवला. पाटील 'अरेरे' म्हणाले, गुरव 'शिव शिव' म्हणाला, आणि तुळसाक्का देवळाभोवती भराभरा चालायला लागली. सात प्रदक्षिणा झाल्या. गुरवाला वाटलं, नवस बोलतेय.

नवस नव्हता. दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगराआडून डोकावायच्या आत ती खंडूच्या दारात.

"खंड्या, काल तुज्या म्हशी म्या राखल्या का न्हाई?"

"राखल्या की."

"मग आज माजी पाळी कोन करनार, तुजा आजा?"

खंडू बिचारा अडकला. आमच्या त्या भागात भातलावणीला सावड असते. आज मी तुझ्या खाचरात वाकायचं, उद्या तू माझ्या. त्याला ना कागद लागतो ना साक्षीदार, आणि ती सावड बुडवणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. एरवी ही सावड चिखलापुरती. तुळसाक्कानं ती उचलून डोंगरावर नेली. एका दिवशी एका घरातल्या मोठ्या माणसानं साऱ्या वाडीची गुरं राखायची, म्हणजे बावीस घरांना बावीस दिवसांतून एकदा पाळी, आणि पोरं मोकळी. एवढी सोपी गोष्ट भोरच्या कचेरीत दहा शहाणे टेबलाला टेबल लावून बसले असते तरी सुचली नसती. बसले असते म्हणूनच सुचली नसती, असं तुळसाक्काचं मत पडलं असतं.

कारण बसणं हा प्रकार तिच्याकडं नव्हता. पन्नाशीची बाई, काटकुळी, रंगानं तव्यासारखी, कासोटा घातलेलं लुगडं, आणि पायांत जणू विंचू बांधलेले. भाकरी ती दारात उभ्यानं खायची, तीही एक घास दारात, दुसरा गोठ्यात. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेला होता. मूलबाळ नाही. दीड खंडी भाताचं खाचर आणि दोन म्हशी एकटीनं ओढायची. गावातलं कुठलंही भांडण सुरू व्हायच्या आधी ती तिथं पोचलेली असायची, आणि भांडणारे यायला उशीर करायचे.

पोर नसलेल्या बाईला शाळेचं एवढं काय, हे कोडं साऱ्या वाडीला होतं. विचारणाऱ्या प्रत्येकाला ती वेगळं कारण द्यायची. मारुती पाटलांना म्हणाली, "पोरं गुरांमागं हिंडत्यात आन् माज्या बांदावरची बोरं खात्यात. शाळंत डांबली की बोरं वाचली." गुरवाला सांगितलं, "देवळात कालवा असला की देव जागा ऱ्हातो." मी विचारलं तर माझ्याकडं नखशिखांत पाहून म्हणाली, "तुमाला दुसरं काम येत न्हाई म्हून. शाळा मिटली तर तुमी जगनार कसं?" मला आजही वाटतं की हे कारण खरं असावं.

आता सभेचं. सावड लागली म्हणजे तिचे तंटे आले. कुणाची पाळी चुकली, कुणाचा रेडा मारका, कुणाचं पोर मोकळं असूनही ओढ्यावर खेकडे धरतंय. मी म्हणालो, आठवड्यातून एकदा सगळ्या आईबापांनी मास्तरासह एकत्र बसावं.

"बसावं?" तुळसाक्का अशी दचकली, जणू मी तिला साप धरायला सांगितलं होतं. "मास्तर, बापय बसला की बिडी काडतो. बिडी निगाली की गप्पा. गप्पा रंगल्या की कुनाच्या तरी पोराचं लगीन ठरतं, आन् लगीन ठरलं की शाळा सुटली. बसायचं न्हाई."

म्हणून आमची सभा चालत भरायची. दर सोमवारी, उन्हं कलली की गुरं डोंगरावरून खाली यायची त्या वेळी. पुढं गुरं, त्यांच्यामागं छडी घेतलेली तुळसाक्का, मागं धापा टाकणारे मारुती पाटील, त्यांच्यामागं आईबापांची रांग बांधाबांधानं, आणि शेवटी पाटीवर ठराव लिहीत ठेचकाळणारा मी. वरच्या पाणवठ्यापासून देवळापर्यंत सभा. गुरं पळाली की कामकाज भराभर उरकायचं. एखादी म्हैस चिखलात बसली की चर्चा लांबायची. त्या सभेनं माझ्या वहाणांचे अकरा जोड खाल्ले. पाटील लठ्ठ होते, ते दोन वर्षांत इतके वाळले की त्यांच्या बायकोनं अंगरखा दोनदा आत घेतला.

"आक्का, जरा टेक की गं," पाटील काकुळतीनं म्हणायचे. "सभा म्हंजी बसायची असती. भोरला म्या बगितलीया."

"भोरच्या सभंत म्हशी व्हत्या का?"

"न्हाई."

"मग ती कसली सभा?"

या सभेत माझीही हजेरी घेतली जाई. जेवल्यावर मला डुलकी यायची. मी ती डोळे मिटून मनात कविता म्हणण्याच्या नावाखाली खपवत असे. एका सोमवारी तुळसाक्कानं मागं न बघताच विचारलं, "मास्तर, दुपारच्याला पोरांचा आवाज यायचा थांबतो. काय शिकीवता त्या वक्ताला?"

"मनन," मी म्हणालो.

"मनन घोरतंय लई," ती म्हणाली. रांगेत जो हशा पिकला तो पार घाटापर्यंत गेला असेल. दुसऱ्या दिवसापासून दुपारी कुठूनतरी एक रेडकू वर्गात यायचं आणि माझा हात चाटायचं. मी डुलकी सोडली.

पण पोरं यायला लागली! नऊची चौदा झाली, चौदाची बावीस. दगडू, तो कानवाला, पाऊणकीत इतका तरबेज झाला की पाटील त्याला गाठून कोडी घालायचे. मी हुरळलो. आणि हुरळलेल्या माणसाच्या हातात दौत देऊ नये. सहामाही अहवालात मी लिहिलं, 'या शाळेत पालकांची सभा दर आठवड्यास नियमितपणे भरते. उपस्थिती साठ.' वाडीत मोठी माणसं होती चाळीसेक. म्हशी धरून साठ होत होती, आणि सभेला त्या असायच्याच. तेव्हा मी खोटं लिहिलं असं कुणी म्हणू नये.

महिन्यानं उत्तर आलं. शाळा तपासायला दिपोटीसाहेब स्वतः येणार होते. पोरांची हजेरी पाहून शाळा ठेवायची की मिटवायची ते तिथंच ठरवणार, आणि त्या वेळी अशी ही सभाही त्यांना पाहायची होती. बसलेली.

मार्गशीर्ष लागला होता. भात कापून झालं होतं, मळणी व्हायची होती. जिकडं तिकडं खळ्यांजवळ भाताच्या पेंढ्या रचून उडव्या उभ्या होत्या. म्हणजे वाडीचं वर्षाचं पोट उघड्यावर उभं होतं आणि गुरांना त्याचा वास लागला होता. अशा दिवसांत राखण म्हणजे डोळ्यात तेल घालून. आणि तपासणीच्या दिवशी पाळी नेमकी खंडूची.

"खंड्या सभंत पायजे," तुळसाक्का म्हणाली. "त्याचं पोर दिपोटीम्होरं पाडं म्हननार. बापानं बगाया नगं? त्याची पाळी म्या करते."

"आक्का, तुम्ही डोंगरावर?" मी म्हणालो. "अहो, सभा तुमची!"

"माजी कशानं? दिपोटी इचारनार, तुजं पोर कंचं? काय दावू, रेडकू?" आणि हसली. हसली आणि लगेच उठून चालायला लागली. उठून म्हणजे, उभीच होती.

तो दिवस उजाडला. दिपोटीसाहेब तट्टावरून आले. काळी टोपी, नाकावर चष्मा, बारीक आवाज आणि घाई कशाशी खातात हे माहीत नसलेला माणूस. आल्याआल्या त्यांनी सांगितलं, "नाव पुकारून मोजणी आणि तपासणी पुरी होईपर्यंत एकाही मुलानं जागा सोडायची नाही. जो उठेल तो गैरहजर." कारण काही गावांत म्हणे शेजारच्या गावची पोरं उसनी आणून बसवत, आणि एकच पोर मागच्या दारानं पळत जाऊन पुढच्या गावातही हजर व्हायचं.

आमची एकतीस पोरं होती, अस्सल. भिंतीकडेला आईबाप धुतलेल्या कपड्यांत अंग चोरून बसले होते. बसायची सवय मोडल्यामुळं सगळे चुळबुळत होते. पाटलांच्या पायाला तर मुंग्या आल्या होत्या.

चौथं नाव पुकारलं असेल तेवढ्यात मला दारात लुगड्याचा काठ दिसला. तुळसाक्का! गुरं सोडून आली होती. तिला धीर निघाला नव्हता. एक नजर टाकून परत फिरेन, असा तिचा हिशेब असणार. मी डोळे वटारले. तिनं हातानं 'चालले, चालले' अशी खूण केली, आणि दगडूचं नाव आलं म्हणून थांबली. दगडू उभा राहून पावकी म्हणू लागला. मग साहेब म्हणाले निमकी. मग पाऊणकी. तुळसाक्काचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

आणि डोंगराच्या बाजूनं, घरी मागं राहिलेलं कुणीतरी म्हातारं ओरडलं, "धावा रं! गुरं उडवीत शिरली! तुळसाक्काच्या उडवीत!"

तिच्या अंगातून वीज गेल्यासारखी ती वळली. एक पाय पायरीखाली गेलासुद्धा. पण आरोळी पोरांनीही ऐकली होती, आणि ती पोरं जन्मल्यापासून गुरांमागची. चौदा पोरं एकदम अर्धवट उठली. भिंतीकडेचे बाप गुडघ्यावर आले; एक उठला असता तर मागोमाग सगळी शाळा गेली असती. साहेबांच्या टाकाची निब हजेरीपटावर अधांतरी. तुळसाक्कानं एकदा डोंगराकडं पाहिलं, एकदा पोरांकडं, आणि परत फिरून दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिली.

"बसा खाली!" तिनं आवाज दिला. देवाच्या मूर्तीवरचं फूल पडलं. "कुनी हालायचं न्हाई. माजी उडवी हाय. खाऊ द्या."

पोरं बसली. बापही बसले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "या बाई कोण? यांचा मुलगा कोणता?"

खंडू म्हणाला, "ती? ती आमची गुरं राखती, सायेब."

"मग आत्ता कोण राखतंय?"

साहेबांनी खांदे उडवले आणि पुढचं नाव पुकारलं. अजून सव्वीस नावं बाकी. आणि साहेब काय, प्रत्येकाला पाढा, वाचन, शुद्धलेखन, हाताची नखं! खिडकीतून दोन खाचरं पलीकडचं सगळं दिसत होतं. चाळीस तोंडं त्या उडवीला लागली होती, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांच्या चघळण्याचा आवाज मला वर्गात ऐकू येत होता. तुळसाक्का चौकटीत उभी, पण पाय एका जागी ठरेनात. डावा उचल, उजवा उचल, दावणीच्या जनावरासारखं. पाठ डोंगराकडं. एकदाही वळून पाहिलं नाही. पंचविसाव्या नावाला उडवी अर्धी झाली. एकतिसाव्याला ती उरली नव्हती, आणि एक बैल खंडूच्या उडवीकडं निघाला होता. तरी खंडू बसून होता.

"सर्व हजर," साहेब म्हणाले आणि टाक खाली ठेवला.

त्यापुढं काय झालं ते साहेबांना कळलंच नाही. त्यांनी मान वर केली तेव्हा देवळात ते, मी आणि भैरवनाथ. आई, बाप, पोरं, पाटील, सगळे गेले होते. "लाजाळू लोक दिसतात," साहेब म्हणाले. मी म्हणालो, "फार."

त्या दिवशी दुपारी मी तिच्या खळ्यावर गेलो. चिरडलेला पेंढा आणि शेण. वाडी भोवती उभी. ती मात्र फिरत होती, सांडलेल्या लोंब्या वेचत होती, पुन्हा टाकत होती.

"राखनदार म्या, श्यात माजं," ती म्हणाली. "भांडू कुनाशी?"

दुसऱ्या दिवशी लोकांनी आपापल्या उडवीतल्या पाच-पाच पेंढ्या तिच्या अंगणात आणून टाकल्या. तिनं त्या एकेक करून परत नेल्या, आणि प्रत्येक दारात उभी राहून अशा शिव्या दिल्या की त्यातल्या काही मी तोवर ऐकल्या नव्हत्या. त्या साली ती नाचणी खाऊन राहिली. सोमवारची सभा एकदाही चुकली नाही; मात्र पाटील पुन्हा 'जरा टेक' असं कधी म्हणाले नाहीत.

पुढं माझी शिवऱ्याकडं बदली झाली. तिथं बाकं होती, घंटा होती, पालकांची सभा सतरंजीवर बसून भरायची, आणि मी तिच्यात सुखानं पेंगत असे. तुळसाक्का पुन्हा भेटली नाही. ती आठवते ती तपासणीनंतरच्या माघातल्या एका दुपारची. भोरहून टपाल आलं. लखोटा फोडला, दोन ओळी वाचल्या, आणि माझा मी राहिलो नाही. पोरांना 'लिहा रे' म्हणालो आणि धोतर खोचून डोंगर चढायला लागलो. वाटेत एक वहाण गेली, दुसरी मी फेकून दिली. वर ती गुरांच्या भोवती घिरट्या घालत होती.

"आक्का!" मी खालूनच ओरडलो. "आक्का, हुकूम आला! शाळा राहिली! आपली शाळा राहिली!"

मी पोचेपर्यंत ती थांबली नाही. एका चुकार म्हशीला वळवून आणली, मग माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून खाली देवळाकडं पाहिलं.

"मग तुमी हितं कशाला आलाय?" ती म्हणाली. "पोरं तितं एकली हायती."